तनू, तू कुणासाठी जागत होतीस?

लाडक्या तनूस,

पुढं ‘अनेक आशीर्वाद’ लिहायला गेलो आणि पेन थांबलं. आता तुला आशीर्वाद कशाचा देऊ? म्हणून नुसतं नावच लिहिलं.

आज बारावीचा निकाल लागला. तुझी मैत्रीण प्राजक्ता पेढे घेऊन आली होती. दारातच उभी राहिली, आत येईना. पास झालेली पोर, पण आपल्या उंबऱ्यावर तिला हसायचीही भीती वाटत होती. तुझ्या मम्मीनं तिला हाताला धरून आत घेतलं, तिच्या हातचा पेढा खाल्ला, म्हणाली, "लय मोठी हो बाय." प्राजक्ता गेल्यावर मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "मीच धाडली तनूला. तोंडावर पाणी मारून धाडली."

हे वाक्य मी सोळा महिने ऐकतोय. सुट्टीवर आलो की समोरासमोर, ड्युटीवर असलो की फोनवर. आणि दर वेळी मी काय म्हणायचो? "असं बोलू नये सुरेखा. नशिबात हुतं." बस्स, एवढंच. आजही तेच म्हणायला तोंड उघडलं, तर पलीकडं बसलेल्या गौरीनं माझ्याकडं बघितलं. तुझी धाकटी बहीण आता पंधरा वर्षांची झाली, तनू. तिनं नुसतं बघितलं. आणि मी जागचा उठलो.

त्यानंतर जे झालं ते तुला सांगायला हवं. पण त्याआधी मला सगळंच सांगू दे. एकदा तरी, काही न चोरता.

दहावीला तुला ब्याण्णव टक्के पडले तेव्हा गावात एसटी स्टँडवर तुझा फोटो लागला होता. मी तेव्हा फौजेच्या ड्युटीवर राजस्थानात. बॅरेकमधल्या प्रत्येकाला तो फोटो दाखवला. हवालदार असून लाडू वाटत फिरलो! तुला डॉक्टर व्हायचं होतं. तासगावात अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतली, सकाळी पावणेसातचा क्लास लावला आणि मी कँटीनमधून तुझ्यासाठी फोन आणला. मम्मी म्हणाली होती, "एवढा मोठा कशाला?" मी म्हणालो, "आता सगळा अभ्यास फोनवरच असतोय. तुला काय कळतंय त्यातलं?"

तिला कळत होतं गं. मलाच कळत नव्हतं.

तो पावसाळा मला आठवतो. माझी ड्युटी रात्री दोनला उतरायची. खाटेवर येऊन फोन बघितला, तर तुझ्या नावाखाली ‘ऑनलाइन’. मी लिहिलं, "जागी हाईस व्हय गं?" तू लिहिलंस, "व्हय पप्पा. फिजिक्स करतीये. तुमी जेवलासा का?"

अठरा वर्षांच्या नोकरीत रात्री दोन वाजता मला कुणी जेवलासा का म्हणून विचारलं नव्हतं, तनू.

शेजारच्या खाटेवर हिमाचलचा एक जोडीदार होता. त्याला फोन दाखवून म्हणालो, "देख, मेरी बेटी अभी तक पढ़ रही है." तो कूस बदलत म्हणाला, "बच्ची है यार, सोने को बोल उसको." मी हसलो. फौजेत आम्ही जागणाऱ्याला मर्द म्हणतो. झोपणारा आळशी. तेच मोजमाप मी सोळा वर्षांच्या पोरीला लावलं.

मग ते रोजचंच झालं. मी वाळूचं सांगायचो, मेसमधल्या कच्च्या चपात्यांचं सांगायचो, कुणा साहेबानं झापलं ते सांगायचो. तू क्लासमधल्या पोरींच्या नकला करून पाठवायचीस. कधी अर्धा तास, कधी तास. मी तीनला झोपून आठला उठायचो. तू कधी उठायचीस? पावणेसहाच्या एसटीसाठी पाचला! हे साधं गणित मी एकदाही केलं नाही. की करायचंच नव्हतं मला?

आणि ते आपल्या दोघांचं गुपित होतं. मम्मीला माहीत नाही, याचीच मला गोडी वाटायची.

पहिल्या चाचणीनंतर तिला कॉलेजात बोलावलं. संध्याकाळी तिचा फोन आला. "आवं, सर म्हणत्यात, पोरगी पहिल्याच तासाला बाकावर डोकं टाकती. हाक मारली तर कुठं हाय ते बी तिला कळत न्हाई."

"सकाळच्या पारी कुणाला पेंग येत न्हाई?"

"फिजिक्सला पन्नासात अकरा पडल्यात."

"अकरावी अवघड असती. सगळ्यांचंच होतं तसं."

"तुमी तिचं डोळं बघा जरा. पार खोल गेल्यात. सारखं डोकं दुखतंय म्हणती. रातभर त्यो फोन हाय तिच्या हातात."

"अभ्यास करती ती. मला ठावं हाय."

"तिथं बसून तुमाला काय ठावं?"

मी फोन ठेवून दिला. खरं म्हणजे त्या क्षणी सांगायला हवं होतं.

तुझ्या वह्या नंतर मी बघितल्या. ओळ सुरू व्हायची ती तुझ्या नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात. मध्यावर आली की अक्षर बारीक व्हायचं, खाली घसरायचं आणि शेवटी नुसती पेनाची एक रेघ, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. प्रत्येक सकाळच्या पानावर तशी रेघ आहे. ऑगस्टमध्ये पानाच्या तळाशी. डिसेंबरमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच. तुझे सर ती रेघ बघत होते, मम्मी तुझे डोळे बघत होती. मी फक्त ‘ऑनलाइन’ बघत होतो.

पण तूही खोटं बोललीस की गं! फिजिक्स करतीये, केमिस्ट्री करतीये. एकदा तरी म्हणायचंस, पप्पा, पुस्तक मिटून दोन तास झाले, नुसतं बोट फिरवत बसलीये. मी रागावलो असतो का? रागावलो असतो, आणि ते बरं झालं असतं.

दिवाळीला सुट्टीवर आलो. नरकचतुर्दशीला सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या, फराळ झाला, तरी तू उठेनास. साडेअकराला ओढून उठवलं तर ताटावर बसल्या बसल्या झोपलीस. हातात अर्धी करंजी. मी काय केलं? फोटो काढला. ‘अभ्यास करून दमलेली आमची डॉक्टरीण’ म्हणून स्टेटसला ठेवला, पुढं हसरी तोंडं. भाऊबंदांपासून बटालियनपर्यंत सगळे हसले. मम्मी तेवढी हसली नाही. तिनं तुझ्या हातातली करंजी काढून घेतली आणि तुझ्या डोक्याखाली उशी सरकवली.

त्याच सुट्टीत स्कूटी घेतली. कारण तुझी एसटी चुकायला लागली होती. आठवड्यातून तीन-तीनदा. मम्मी म्हणत होती, "एसटी चुकती म्हंजी पोरीला लवकर झोपवाय पायजे. गाडी कशाला?" मी ऐकलं नाही. तुझं वय नव्हतं, लायसन नव्हतं. गावात कोण विचारतंय म्हणालो. मीच तुला तालमीच्या मैदानावर शिकवली. मागं धरून पळत होतो आणि तू ओरडत होतीस, "पप्पा, सोडू नका!"

जानेवारीतली ती रात्र. नऊ वाजता ड्युटीवर जाण्याआधी मी मम्मीच्या नंबरवर फोन केला, तर तू रडत होतीस. "पप्पा, मम्मीनं फोन काढून घेतला. कपाटात घालून कुलूप लावलं. माझ्या नोट्स हायत त्यात."

मम्मीनं फोन घेतला. आवाज अगदी शांत होता तिचा. "आज न्हाई देत. आज तिला झोपू द्या."

"परीक्षा आठ दिवसांवर आली आणि तू फोन कुलपात घालतीस?"

"एक रात. मी पाया पडती तुमच्या."

"दे म्हणतो न्हवं!"

कुलूप उघडल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला, तनू.

दोन वाजता तू होतीसच. तू लिहिलंस, "पप्पा, झोप येत न्हाई. डोळं मिटलं तरी येत न्हाई. लय दिवस झालं असं." हे मी वाचलं. वाचलं, म्हणजे निळी खूण झाली. आणि उत्तर म्हणून मी काय पाठवलं? उंट वाळूवरून घसरून पडतो तो व्हिडिओ. तू हसरी तोंडं पाठवलीस, दोन चाळीसला. तुझं-माझं शेवटचं बोलणं ते.

पाचला मम्मीनं चारदा हाक मारली. तू उठली नाहीस. मग तिनं तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाली, "कालच्याला फोन पायजे हुता न्हवं? मग आता ऊठ." तू तोंड पुसलंस, जर्किन घातलंस आणि स्कूटी घेऊन गेलीस. धुकं होतं. गावापासून चार किलोमीटरवर, द्राक्षबागांच्या पुढं रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती.

मी पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. सांगलीच्या दवाखान्यात तुला माझ्यासाठी ठेवलं होतं. तोंडावर कुठंच खरचटलं नव्हतं. मला वाटलं, दिवाळीसारखीच झोपलीयेस.

ट्रॅक्टरवाला जतकडचा होता, पंचविशीतला. पोलीस ठाण्यात मी त्याची गचांडी धरली. तो माझ्या पायावर पडला. "दादा, टायर फुटला हुता. म्या मागं दगडं ठेवली हुती, झाडाचं डहाळं लावलं हुतं. आईशप्पत ठेवली हुती." दगड होते. पंचनाम्यात आहेत. तिथल्या हवालदारानं मला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ब्रेक दाबल्याची खूणच न्हाई हो रस्त्यावर. सरळ गेलीया. पोरीला झोप लागली असणार." पुढं जबाब देताना मी दगडांचं सांगितलं. झोपेचं नाही सांगितलं. ती का लागली असेल, हे तर मुळीच नाही.

तुझा फोन फुटला होता, पण चालू होता. तेराव्यापर्यंत घरात कुजबुज सुरू झाली. तुझ्या मामानं सुरुवात केली. "रात-रात जागायची म्हणं. कुणाशी तरी बोलत असणार. पोरगा असणार कोणतरी." मग भावकीत, मग गावात. मम्मीच्या कानावर गेलं. आणि खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. कुणीतरी पोरगा सापडावा, त्याच्या दारात जावं, त्याला ओढून बाहेर काढावं.

गौरीकडून मी तुझा पासवर्ड घेतला आणि माळ्यावर जाऊन बसलो. सगळं धुंडाळलं. नखं रंगवायचे व्हिडिओ. कुणाची तरी मांजर. नाच. वेण्या घालायच्या पद्धती. मैत्रिणींचा ग्रुप, त्यात कुणाला किती मार्क पडले त्याचं रडगाणं. पोरगा नव्हता. कुठंच नव्हता! आणि सगळ्यात वर, टाचणी लावून ठेवलेलं, एकच नाव. ‘पप्पा’.

मी खाली उतरलो तर गौरी जिन्यात उभी होती. तेरा-चौदा वर्षांची पोर, केस विस्कटलेले. मी विचारलं, "ताई रात्री काय करायची गं?"

"मोबाईल बघायची."

"इतका वेळ?"

"तुमी दोनला मोकळं हुतासा न्हवं? ती म्हणायची, पप्पा एकटंच असत्यात तिथं, त्यांच्याशी बोलून झोपीन. तवर बघत बसायची. मग नंतर बी झोप यायची न्हाई तिला."

तू माझ्यासाठी जागत होतीस. आणि मी समजत होतो, तू जागीच असतेस म्हणून मी बोलतोय!

त्यानंतर मी जे केलं ते तुला माहीत नाही. गौरीच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "मम्मीला हे सांगू नको. तिला सोसायचं न्हाई." मम्मीला सोसायचं नाही! पोरीच्या तोंडाला कुलूप घातलं ते स्वतःला वाचवायला, आणि नाव मम्मीचं घेतलं. तुझा फोन माझ्या काळ्या ट्रंकेत तळाला ठेवला आणि आठ दिवसांनी ड्युटीवर गेलो.

सोळा महिने, तनू. सोळा महिने तुझी मम्मी त्या तांब्याभर पाण्याचा हिशोब करत राहिली. रात्री पडते, पण डोळा लागत नाही तिचा. पाचला उठते आणि चुलीपुढं नुसतीच बसते. गौरीला सकाळी हाक मारायला घाबरते. पोर शाळेला उशिरा गेली तरी चालेल, पण हाक मारत नाही. आणि गौरी? ती नववीत कशीबशी पास झाली. सर म्हणाले, वर्गात झोपते. तिच्याकडं तर फोनही नाही! मी दिलेलं ओझं घेऊन ती रात्रभर जागी होती, हे मला सुचलंही नाही.

तर आज. गौरीनं बघितलं आणि मी उठलो. ट्रंक उघडली, तुझा फोन काढला, चार्जिंगला लावला. तो सुरू झाल्यावर पासवर्ड टाकला. मग मम्मीच्या हातात दिला. म्हणालो, "वाच. सगळं वाच."

ती सावकाश वाचते, तुला माहीत आहे. एकेका ओळीवर बोट ठेवून. पावसाळ्यापासून सुरू केलं. मध्ये एकदा हसली, तुझी कसलीतरी नक्कल वाचून. मग उंटापाशी आली. त्याच्या वरचं वाचलं. पुन्हा वाचलं. ‘झोप येत न्हाई. लय दिवस झालं असं.’

फोन मांडीवर ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "गाव म्हणतंय त्यो पोरगा... त्यो तुमी हुतासा व्हय?"

मी मान हलवली.

"सोळा महिनं मला जळू दिलंसा. आन माझ्या पोरीचं नाव बी जाळलंसा."

ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तेवढ्यात गौरी हुंदके द्यायला लागली. "मम्मी, मला ठावं हुतं. पप्पा म्हणालं सांगू नको." त्यावर मात्र मम्मी उठली. मला वाटलं, मारते आता. मारलं नाही. गौरीला पोटाशी धरून आतल्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली.

त्याला आता चार तास झाले. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. मगाशी खिडकीतून बघितलं. दोघी झोपल्यात. मम्मीचा हात गौरीच्या कानावर आहे, कुठला आवाज येऊ नये म्हणून ठेवल्यासारखा. दीड वर्षात तिला अशी झोपलेली मी बघितली नव्हती. ही माफी आहे असं मी समजत नाही. माफी मी मागणारही नाही, ना तिला ना तुला. मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुमच्याकडून मी आधीच फार घेतलंय.

सोमवारी मला परत जायचंय. त्याआधी उद्या सकाळी तुझ्या मामाच्या दारात जाणार आहे. मग भावकीत, मग प्राजक्ताच्या घरी, मग तासगावला तुझ्या सरांकडं. माझी पोरगी रात्री कुणाशी बोलायची ते माझ्या तोंडानं सांगणार आहे. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. जतच्या त्या पोराची केस अजून चालू आहे. तारखेला येऊन तिथंही सांगेन, तू ब्रेक का दाबला नाहीस ते.

आणि वचन देतो पोरी, यापुढं माझा फोन संध्याकाळी सातला येईल. आधी तुझ्या मम्मीशी बोलेन, ती बोलली तर. मग गौरीशी. त्यानंतर फोन बंद, सकाळपर्यंत. दोन वाजता ड्युटी उतरल्यावर जो एकटेपणा येतो तो माझा आहे, माझ्या वयाचा आहे. तो मी कुठल्याही लेकराच्या उशाशी नेऊन ठेवणार नाही.

आता बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. कुणी येईल, दार वाजवेल. आज या दोघींना कुणी उठवायचं नाही.

तुझा,
पप्पा